शब्दविचार : ओळखीच्या शब्दांचा दगा

वेदाच्या सहा अंगांपैकीं एकाचें नांव 'शिक्षा' असें आहे. शाळेंत जाणाऱ्या मुलास तें ऐकून छडी आठवेल. वस्तुतः तें उच्चारांचें शास्त्र होय. शब्द तोच, पण मराठींत अर्थ निराळा झाला. इंग्रजीच्या स्वतःच्या पोटांतही काळाच्या ओघांत असेंच घडलें आहे, आणि जुने इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्यास असे शब्द अपरिचित शब्दांपेक्षां अधिक फसवितात. अपरिचित शब्द अडला म्हणजे वाचक कोश उघडतो. ओळखीचा शब्द दिसतांच तो निःशंकपणें पुढें जातो, आणि अर्थाचा अनर्थ होतो. अशा चार शब्दांचा परिचय आम्ही या वेळीं करून देत आहों.

लेट.— 'करूं देणें' हा याचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु घरांतील कोणाचाही भारतीय पासपोर्ट उघडून पाहावा. धारकास मोकळेपणीं जाऊं द्यावें, अशी राष्ट्रपतींच्या नांवें जी विनंती तेथें छापलेली असते, तींत 'लेट' म्हणजे 'अडथळा' होय. हिंदी मजकुरांत त्या जागीं 'बिना रोक-टोक' असे शब्द आहेत. प्राचीन इंग्रजींत 'करूं देणें' व 'अडविणें' या अर्थांचे दोन निराळे धातु होते. उच्चार झिजतां झिजतां दोहोंचें रूप एक झालें, आणि एकाच शब्दास परस्परविरुद्ध अर्थ चिकटले.

प्रिव्हेन्ट.— आजचा अर्थ 'रोखणें'. मूळ लॅटिन अर्थ 'आधीं येणें'. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत एका स्तोत्राचा कर्ता आपण पहाटेस 'प्रिव्हेन्ट' केलें असें सांगतो. त्यानें पहाट अडविली नाहीं. उजाडण्यापूर्वीं उठून देवाचा धावा केला.

मीट.— आज 'मांस'. पूर्वीं कोणतेंही 'अन्न'. याच बायबलांतील लेव्हिटिकस ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत 'मीट ऑफरिंग'चा विधि आहे. नांव पाहून शाकाहारी वाचक पान उलटील. पण तें अर्पण सपीट, तेल व सुगंधी धूप यांचें आहे, त्यांत मांस मुळींच नाहीं. मिठाईस इंग्रजींत 'स्वीटमीट' म्हणतात, त्यांत हा जुना अर्थ अद्याप टिकून आहे.

व्हेअरफोर.— यांत 'व्हेअर' दिसतो म्हणून पुष्कळजण 'कोठें' असा अर्थ करितात. खरा अर्थ 'कां, कशासाठीं' हा होय. शेक्सपिअरची ज्यूलिएट रोमिओस शोधीत नाहीं. तो शत्रूच्या कुळांत, त्या नांवानें, कां जन्मला, हें तिचें दुःख आहे. 'कोठें' म्हटलें कीं नाटकाचें मर्मच हातचें जातें.

शालेय कोशांत बहुधा प्रचलित अर्थच असतात. ज्याचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला व जो १९२८ सालीं पुरा झाला, त्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशांत मात्र प्रत्येक शब्दाचे अर्थ कालक्रमानें, सालवार उताऱ्यांसह दिले आहेत. महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींनीं तो ग्रंथालयांत अवश्य पाहावा. जुन्या पुस्तकांतील एखादें वाक्य विचित्र वाटलें, तर लेखकास दोष देण्यापूर्वीं त्यांतील सोप्या शब्दाचा संशय घ्यावा.

पुढील अंकीं 'नाइस' व 'सिली' या दोन शब्दांचें चरित्र पाहूं.