छताला नव्हे, दिव्याला अर्थिंग द्या

जालना रोडवरच्या शोरूममध्ये किंवा सिडकोतल्या दवाखान्यात डोक्यावर पत्र्याच्या टी-ग्रिडचं फॉल्स सिलिंग आता ठरलेलंच. काम संपत आलं की मालक विचारतो, ‘सांगाड्याला अर्थिंग केलं ना?’ आणि वायरमन कोपऱ्यात एक हिरवी वायर स्क्रूने आवळून देतो. दोघांचंही समाधान होतं. ही वायर बहुतेक ठिकाणी अनावश्यक असते, आणि आपल्या शहरात ती प्रसंगी घातकही ठरू शकते.

अर्थिंग लागतं ते आतल्या बिघाडाने ज्याच्या धातूच्या अंगावर करंट उतरू शकतो अशा वस्तूला: धातूचा दिवा, पंखा, एसी. जमिनीतून इमारतीत येणारी लोखंडी पाइपही अर्थिंगला जोडतात, कारण ती जमिनीचा संबंध सोबत घेऊन येते. स्लॅबला तारांनी टांगलेला सांगाडा सहसा या दोन्हींत बसत नाही. शंका असेल तर मोजावं. ब्रिटनमधल्या हिशेबाने सांगाड्याचा जमिनीशी रोध 22 हजार ओहमपेक्षा जास्त भरला, तर 230 व्होल्टलाही शरीरातून जाणारा प्रवाह 10 मिलिअँपिअरच्या आत राहतो.

यावर कुणी म्हणेल, सोललेली वायर सांगाड्याला टेकली तर? मुळात वायर सांगाड्यावर लोळत ठेवणंच चूक. ती पाइपातून, स्लॅबच्या आधाराने न्यायला हवी. शिवाय रंगवलेल्या, नुसत्या अडकवलेल्या पट्ट्यांमधून कोपऱ्यातली हिरवी वायर दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेलच याची खात्री नाही. ‘पण जास्तीच्या अर्थिंगने बिघडतं काय?’ हा आक्षेप जास्त वजनाचा. त्याचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. मराठवाड्यात बेसॉल्टवर अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ, आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. सगळी भिस्त अशा खड्ड्यावर असेल आणि त्याचा रोध 20 ओहम झाला असेल, तर बिघाडात फार तर साडेअकरा अँपिअर वाहतील. तेवढ्याने 16 अँपिअरचा एमसीबी पडणार नाही. मग कूलरच्या मोटरमधला करंट त्याच अर्थिंगवरच्या प्रत्येक धातूवर चढून राहतो. दिव्यांच्या पत्र्यांवर तो येतोच. हिरव्या वायरीमुळे अख्खं छत त्यात सामील होतं. आणि अर्थिंग ठणठणीत असलं तरी, वर काम करणाऱ्याचा एक हात चुकून जिवंत वायरला आणि दुसरा सांगाड्याला लागला, तर त्याच्या शरीरातून प्रवाहाला सरळ वाट मिळते.

ऑपरेशन थिएटरची गोष्ट वेगळी. तिथे रुग्णाच्या आवाक्यातला धातू एकमेकांशी जोडण्याचे स्वतंत्र नियम आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. दुकान-ऑफिसात मात्र धातूच्या प्रत्येक दिव्यापर्यंत तिसरी वायर न्या (दुहेरी इन्सुलेशनच्या एलईडी पॅनेलला तीही लागत नाही), आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा; 20 ओहमच्या खड्ड्यावरही तो क्षणात वीज तोडतो. मार्चमध्ये खड्ड्यात पाणी घालून रोध मोजून घ्या, आणि वायरमनकडून तो आकडा लिहून मागा.