ग्वाल्हेरला उतरा

सहल समितीच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर सात नावे लिहिली गेली : दिल्ली, मथुरा, आग्रा, जयपूर, अजमेर, हरिद्वार, ऋषिकेश. खाली मोठ्या अक्षरांत ‘एकूण दिवस नऊ’ असे लिहून त्याभोवती चौकट काढली. टाळ्या झाल्या. हिशेबाची वही माझ्याकडे आली, कारण माझे अक्षर बरे आहे असा वर्गाचा समज आहे.

त्या रात्री मी पैशांच्या आधी तासांचा हिशेब मांडला. बेळगावहून दिल्लीला गाडीने दोन रात्री आणि एक दिवस लागतो. येताना तितकाच वेळ. म्हणजे नवांपैकी जेमतेम पाच दिवस हाती राहिले. पाच दिवस आणि सात गावे! दिल्ली-जयपूर, जयपूर-आग्रा, दिल्ली-हरिद्वार ही अंतरे प्रत्येकी दोनशे किलोमीटरांच्या वर. ती सगळी बसने काटायची, मधे जेवायचे, झोपायचे आणि फोटो काढायचे. ताजमहालाच्या वाट्याला माझ्या वहीत दीड तास आला. ज्या इमारतीला उभे राहायला वीस वर्षांच्या आसपास लागली तिला आम्ही दीड तास देणार, आणि त्यातला अर्धा चपला शोधण्यात जाणार.

मग पैशांचा हिशेब. प्रवास कंपनीने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही. तो ऐकल्यावर काय झाले एवढे सांगतो. माझ्या बाकावरचा मित्र दुसऱ्या दिवशी म्हणाला, “माझे नाव काढ. त्या आठवड्यात घरी काम आहे.” सहल डिसेंबरातली आणि आम्ही बोलत होतो ऑगस्टमध्ये. डिसेंबरातल्या कामाची खबर त्याला ऑगस्टमध्येच कशी लागली, हे मी विचारले नाही. आठवडाभरात असे ‘काम’ वर्गातल्या अकरा जणांना निघाले. त्यांत मराठी होते, कन्नड होते, मुलीही होत्या. या बाबतीत तरी भाषावाद नव्हता.

म्हणून मी समितीपुढे दुसरी योजना ठेवली आहे. ती अजून मंजूर झालेली नाही. तिच्यावर जे आक्षेप आले आणि जी थट्टा झाली, त्यांना उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

योजना साधी आहे. आपल्या स्टेशनवरून रोज गोवा एक्सप्रेस जाते. मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी अशी ठाणी घेत ती ग्वाल्हेरला पोचते आणि तेथून पुढे आग्रा, मथुरा करत दिल्लीला जाते. आपण दिल्लीचे तिकीट काढूच नये. ग्वाल्हेरला उतरावे आणि तिथेच मुक्काम ठोकावा. तीन दिवस ग्वाल्हेर. चौथ्या दिवशी आगगाडीने आग्र्याला जाऊन परत. अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आतले. पाचव्या दिवशी झाशी आणि तिथून जवळच बेतवेच्या काठचे ओरछा, जिथे राम देव म्हणून नव्हे तर राजा म्हणून बसला आहे आणि पोलीस त्याला सलामी देतात. त्याच रात्री झाशीहून परतीची गाडी. दिवस तेवढेच, नऊ. पण बस नाही, रोज नवे हॉटेल नाही, आणि शैक्षणिक सहल म्हणून प्राचार्यांचे प्रमाणपत्र जोडले की रेल्वेभाड्यात सवलत. माझ्या वहीप्रमाणे खर्च निम्म्याहून थोडा अधिक येतो.

“पण ग्वाल्हेरात आहे काय?” हा पहिला प्रश्न. विचारणारा मिरजेहून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी होता, म्हणून मला जरा हसू आले. ज्या मिरजेचे तंबोरे देशभर जातात, तिथपर्यंत गाणे आले ग्वाल्हेरहून. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर घर सोडून उत्तरेत गेले, ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती गायकी घेऊन इकडे परतले. त्यांच्याकडे मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकर शिकले आणि १९०१ साली लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. ख्यालगायकीच्या घराण्यांत ग्वाल्हेरचे घराणे सर्वांत जुने मानतात. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून आपल्या यादीत घेतले. पण आपल्या भागातल्या गवयांना ते शंभर-सव्वाशे वर्षे आधीच ठाऊक होते.

हे सांगितल्यावर कन्नड विभागातली एक मैत्रीण म्हणाली, “म्हणजे ही तुमची मराठी सहल झाली की.” तिला मी गदगच्या मुलाची गोष्ट सांगितली. १९३३ साली अकरा वर्षांचा एक कन्नड मुलगा गाण्याच्या वेडापायी घरातून पळाला. खिशात पैसे नाहीत; गाडीत गाणी म्हणत, तिकीट तपासनिसांना चुकवत किंवा खूष करत तो ग्वाल्हेरला पोचला आणि तिथल्या माधव संगीत विद्यालयात शिकू लागला. ही शाळा १९१८ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने निघालेली. मुलाचे नाव भीमसेन जोशी. मैत्रिणीला गोष्ट ठाऊक होतीच. ती लगेच म्हणाली, “पण त्यांना गुरू शेवटी कुंदगोळात मिळाले, सवाई गंधर्व. हुबळीच्या पलीकडे! मग ग्वाल्हेरला कशाला जायचे?” मी निरुत्तर झालो. नंतर वाचनालयात शोधले तेव्हा कळले की सवाई गंधर्वांकडे जा, हा सल्ला त्यांना विनायकराव पटवर्धनांनी दिला, आणि तोही जालंधरात! घराजवळच्या गुरूचा पत्ता पंजाबात कळला. हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “नोडोण.” म्हणजे बघू. समितीत तिचे मत आहे, म्हणून हा ‘नोडोण’ मी जमेच्या बाजूला धरला आहे.

आता आमच्या मराठी मित्रांबद्दल. त्यांना योजना आवडली, पण चुकीच्या कारणाने. “आपला किल्ला आहे,” असे ते म्हणतात. शिंद्यांचा होता हे खरे. लष्कर हा शहराचा भाग म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणीच. पण त्या खडकावर मानसिंह तोमराचा महाल आहे, त्याच्या भिंतींवर निळ्या फरशांची बदके अजून रांगेने चालत आहेत. हा राजा १५१६ साली वारला. धृपदाला त्याने मोठा आश्रय दिला. कड्यात पंधराव्या शतकातल्या प्रचंड जैन मूर्ती कोरलेल्या आहेत. जहांगिराने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते, तिथे आज गुरुद्वारा आहे. किल्ल्यावर ‘आपला’ अशी पाटी लावायला गेलात तर तुमच्या पुढे बरीच मोठी रांग उभी आहे. शिवाय खाली फुलबागेत राणी लक्ष्मीबाईची समाधी आहे. जून १८५८ मध्ये ती इथे लढता लढता पडली, आणि तेव्हा ग्वाल्हेरचे शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते. दोन्हीकडे मराठी माणसेच. अभिमान बाळगायचाच असेल तर नेमका कोणाचा, हे समाधीपुढे उभे राहूनच ठरवावे; बेळगावात बसून ते फार सोपे वाटते.

वाणिज्य शाखेसाठी मात्र खास कारण वेगळेच आहे. किल्ल्यावर चढताना वाटेत खडकात कोरलेले एक लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. त्यातल्या ८७६ सालच्या शिलालेखात देवळाला दिलेल्या बागेची मापे आहेत, २७० हात आणि १८७ हात, आणि रोज पन्नास फुलमाळा द्यायच्या असा करार आहे. त्या २७० मधले आणि ५० मधले शून्य आपण काढतो तसेच गोल आहे. देशात कोरलेल्या अगदी जुन्या शून्यांपैकी हे. म्हणजे ते आले कशात? फुलांच्या रोजच्या पुरवठ्याच्या नोंदीत! जमाखर्च हा रुक्ष विषय आहे असे म्हणणाऱ्या कला शाखेच्या मित्रांना मी तिथे हाताला धरून नेणार आहे.

आणि तानसेन. मोहम्मद घौस यांच्या भव्य मकबऱ्याच्या शेजारी त्याची साधीशी कबर आहे. दर डिसेंबरात तिथे तानसेन समारोह होतो. २०२४ साली त्याचे शंभरावे वर्ष होते. पहिल्या सकाळी ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा होते आणि मिलादही होतो. संध्याकाळपासून देशभरातले कलावंत गातात, वाजवतात, आणि ऐकायला तिकीट लागत नाही. हे शेवटचे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केले आहे. कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुरेल होतो अशी गवयांची समजूत. आपल्या स्नेहसंमेलनातल्या काही गायकांसाठी पिशवीभर आणावा लागेल.

एका आक्षेपाला मात्र माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. आपली गाडी ग्वाल्हेरला रात्री उशिरा पोचते. मुलींचे पालक विचारणार, अपरात्री उतरून जाणार कुठे? आदल्या दिवशी दोन जणांनी पुढे जाऊन स्टेशनाजवळची धर्मशाळा पक्की करावी आणि एखाद्या प्राध्यापिकाबाईंनी बरोबर यावे, असे मी सुचवले आहे. बाईंना अजून विचारलेले नाही. त्यांनी हा अंक वाचला तर तोच अर्ज समजावा.

दिल्ली राहून जाईल हे खरे. जयपूरही राहील. ज्यांना सात गावांची नावे घरी सांगायची आहेत त्यांची निराशा होईल, आणि त्यांची बाजू मी समजू शकतो. एवढ्या लांब जाऊन एकाच गावात राहिलो म्हटले की शेजारी हसतात. पण गेल्या वर्षी त्या सात गावांना जाऊन आलेल्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याला मी विचारले, काय पाहिले? तो बराच वेळ आठवत राहिला आणि मग म्हणाला, “बसमध्ये पुढची जागा मिळाली होती.”

परवा वर्ग सुटल्यावर माझ्या बाकावरच्या मित्राने वही मागून घेतली. आकड्यांवरून बोट फिरवत तो खालपर्यंत आला, एक बेरीज त्याने पुन्हा करून पाहिली, आणि वही परत देताना विचारले, “तिकडे डिसेंबरात थंडी फार असते म्हणतात. घोंगडे न्यावे लागेल काय रे?”