यंत्रांच्या गावात : वीस हजार मोकळ्या जागा

मुलांनो, निकालाचा दिवस आठवा बरं. तुमचा नसेल तर ताईचा किंवा दादाचा आठवा. घड्याळात एक वाजतो, घरातली सगळी मंडळी मोबाइलभोवती गोळा होतात, बैठक क्रमांक टाकला जातो आणि मग पडद्यावर नुसतं एक चक्र गरगर फिरत राहतं. आई म्हणते, "पुन्हा दाब." बाबा म्हणतात, "थांबा, माझ्या फोनवर बघतो." आतल्या खोलीत काकाही तेच करत असतात! १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला तेव्हा तर निकालाचं संकेतस्थळ कित्येक तास नीट उघडतच नव्हतं. लाखो घरांत एकाच वेळी पोटात गोळा.

आपल्याकडे चक्र फिरत असतं, तेव्हा पलीकडे काय चाललेलं असतं? आज तिकडेच जाऊन येऊ.

पलीकडे असतो सर्व्हर. म्हणजे एक दणकट संगणकच, फक्त तो एकाचं नव्हे तर हजारोंचं ऐकतो. शाळेच्या कार्यालयाची खिडकी डोळ्यांपुढे आणा. खिडकीशी बसलेले कारकूनकाका तुमचा अर्ज घेतात, मागच्या कपाटातून रजिस्टर काढायला लावतात, हवी ती नोंद उतरवून दाखला हातात देतात. इथे खिडकी म्हणजे वेब सर्व्हर आणि कपाट म्हणजे डेटाबेस. दोघांकडे डोकं चालवायला असतो तो प्रोसेसर. मोठ्या संकेतस्थळांची खिडकी आणि कपाट वेगवेगळ्या यंत्रांवर असतात, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता प्रोसेसर शंभर टक्के गुंतला, हा काही गुन्हा नव्हे. कामासाठीच तर ठेवलाय त्याला! खरा प्रश्न असा, की तो *कशात* गुंतलाय? उपयोगाच्या कामात, की उगीच येरझाऱ्या घालण्यात?

याची एक खरी गोष्ट सांगते. स्टॅक ओव्हरफ्लो नावाचं एक अमेरिकन संकेतस्थळ २००८ साली सुरू झालं. जगभरातले प्रोग्रॅमर तिथे आपले अडलेले प्रश्न विचारतात आणि दुसरे प्रोग्रॅमर उत्तरं देतात. केवढी गर्दी असेल? तिथल्याच मंडळींनी ९ फेब्रुवारी २०१६ या एका दिवसाचा हिशेब जाहीर केला होता. सुमारे २१ कोटी विनंत्या आल्या आणि त्यांची उत्तरं देताना डेटाबेसला सुमारे ५० कोटी प्रश्न विचारले गेले. आणि हे सगळं किती वेब सर्व्हरवर? नऊ! मला तर हा आकडा वाचून कौतुकच वाटलं. नीट बसवलेलं काम असलं, की मोजकी यंत्रंही केवढा पसारा ओढतात.

तर २० जुलै २०१६. भारतात रात्रीचे सव्वाआठ होत आले होते. अचानक हे संकेतस्थळ बंद पडलं. वेब सर्व्हरचे प्रोसेसर नुसते धापा टाकत होते. चोर आले होते का? यंत्र जळलं होतं का? छे! कोणीतरी एक प्रश्न लिहिला होता आणि त्यातल्या एका ओळीत लागोपाठ सुमारे वीस हजार मोकळ्या जागा पडल्या होत्या. मोकळी जागा म्हणजे दोन शब्दांमध्ये आपण सोडतो ती. बस्स, एवढंच.

त्यानं काय बिघडलं? बघा हं. पडद्यावर मजकूर नीट दिसावा म्हणून ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या फालतू मोकळ्या जागा कापून टाकायचा एक नियम तिथे लिहिलेला होता. अशा नियमाला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. संगणक पहिल्या मोकळ्या जागेवर उभा राहायचा आणि विचारायचा, "ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा इथूनच सुरू होतात का?" मग चालायला लागायचा. एक, दोन, तीन... वीस हजार पावलं चालला, तर पुढे एक अक्षर उभं! म्हणजे हा ओळीचा शेवट नव्हेच. झालं, आला परत मागे. आता दुसऱ्या मोकळ्या जागेवर उभा राहून तोच प्रश्न. पुन्हा १९,९९९ पावलं, पुन्हा तेच अक्षर. मग तिसऱ्या जागेपासून १९,९९८...

आपण असतो तर दुसऱ्या फेरीलाच म्हटलं असतं, "अरे, आत्ताच तर बघून आलो!" पण यंत्राला सांगितलं तेवढंच ते करतं.

एकूण पावलं किती झाली? वही घ्या. २०,००० + १९,९९९ + १९,९९८ असं करत करत १ पर्यंत. एकेक मिळवत बसू नका, रात्र होईल. पहिली आणि शेवटची संख्या मिळवा, २०,००१. दुसरी आणि शेवटून दुसरी मिळवा, पुन्हा २०,००१. अशा जोड्या दहा हजार. म्हणून उत्तर २०,००,१०,०००. वीस कोटी दहा हजार! एका ओळीसाठी ही एवढी पायपीट. त्यात हा प्रश्न दिसत होता मुखपृष्ठावर, म्हणजे जो कोणी दार उघडून आत येईल त्या प्रत्येकासाठी पुन्हा वीस कोटी.

पुढची गंमत तर आणखी वाईट. सगळ्या सर्व्हरांच्या पुढे एक वाटपकार असतो, त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. आलेलं काम तो मोकळ्या सर्व्हरकडे पाठवतो आणि मधूनमधून प्रत्येकाला हाक मारून बघतो, "जागा आहेस ना रे?" तिथे ही हाक नेमकी मुखपृष्ठ मागून मारली जात होती. सर्व्हर बिचारे पावलं मोजण्यात दंग, वेळेत ओ कोण देणार? वाटपकाराला वाटलं, हे सगळे आजारी पडले. त्यानं एकेकाला रांगेतून बाहेर काढलं आणि संपूर्ण संकेतस्थळच दिसेनासं झालं.

दुरुस्तीला लागली ३४ मिनिटं. कारण सापडायला दहा, नवा कोड लिहायला चौदा आणि तो सगळीकडे पोचवायला दहा. तो नियम काढून त्या जागी ओळीचा तुकडा कापणारी साधी पद्धत बसवली. ओळीच्या टोकाकडून मागे यायचं आणि अक्षर लागलं की थांबायचं, मग पायपीट उरतेच कुठे? इथे आणखी दहा सर्व्हर विकत आणून ठेवले असते तर? तेही त्याच ओळीत पावलं मोजत बसले असते. "मोठं यंत्र आणा" असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

या गोष्टीत दोष खिडकीशी होता, कपाट निर्दोष होतं. पण नेहमीच असं नसतं हं. म्हणून जाणकार माणूस आधी यंत्रांवरच्या कामांची यादी उघडतो. लिनक्समध्ये 'टॉप' ही आज्ञा दिली, की कोणतं काम प्रोसेसरचा किती वाटा खातंय ते दिसतं. वाटा डेटाबेस खात असेल, तर त्याची 'रेंगाळलेल्या प्रश्नांची' नोंदवही बघायची. डेटाबेसला तशी वही ठेवायला सांगता येतं. अमुक सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागलेला प्रत्येक प्रश्न तीत उतरतो. बहुतेक वेळा दोन-चारच प्रश्न साऱ्या गोंधळाचे धनी निघतात.

आणि त्यांचा गुन्हा काय असतो? सर्वांत नेहमीचा म्हणजे सूचीशिवाय शोध. समजा पंधरा लाख मुलांच्या नोंदी आल्या तशा लिहून ठेवल्यात आणि तुमचा क्रमांक शोधायचाय. पहिल्या पानापासून चाळत जावं लागेल. क्रमांकांची सूची लावलेली असेल तर? मधलं पान उघडा. तुमचा क्रमांक पुढे असेल तर मागचा अर्धा गठ्ठा बाजूला. उरलेल्याचं पुन्हा मधलं पान. अशा फार तर एकवीस खेपांत पंधरा लाखांतून एक क्रमांक सापडतो. डेटाबेसची सूची तर याहूनही हुशार असते, बी-ट्री म्हणतात तिला. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट या दोघांनी बोइंग कंपनीत काम करताना ती शोधून काढली आणि १९७२ साली तिचा लेख छापून आला. विमानांच्या कंपनीत निघालेली युक्ती आज तुमच्या निकालाला कामी येते!

पण सूचीलाही मर्यादा आहे. शब्दकोशात 'राम'ने सुरू होणारे शब्द झटकन सापडतात. आता मला 'राम'ने *संपणारी* नावं काढून द्या पाहू. तुकाराम त मध्ये, सखाराम स मध्ये, गंगाराम ग मध्ये. चाळा सगळं पुस्तक! डेटाबेसचंही तसंच होतं. आणि प्रत्येक गोष्टीची सूची करून ठेवायची म्हटली, तर नवी नोंद आली की दहा ठिकाणी लिहीत बसावं लागतं.

आणखी एक खोड सांगते. वर्गातल्या चाळीस मुलांच्या जन्मतारखा हव्यात म्हणून मी शिपाईमामांना चाळीस वेळा कार्यालयात पिटाळलं, तर ते मला काय म्हणतील? (मनातल्या मनात म्हणतील, पण म्हणतीलच.) यादी एकदा द्यावी, तारखा एकदा आणाव्यात. घाईत लिहिलेले प्रोग्रॅम मात्र डेटाबेसकडे अशा चाळीस खेपा अगदी सर्रास घालतात.

पालकहो, आता तुमच्यासाठी. निकालाच्या दिवशी चक्र फिरताना पुन्हा पुन्हा बटण दाबलं, की प्रत्येक वेळी नवी विनंती जाते आणि आधीचं काम तिकडे बहुतेक वेळा तसंच चालू राहतं. घरातल्या पाच फोनांवरून पाच-पाचदा दाबलं, तर एका निकालासाठी पंचवीस अर्ज खिडकीवर जातात. त्यापेक्षा एकाच फोनवर क्रमांक टाकावा आणि पंधरा मिनिटं मुलाच्या शेजारी बसावं. त्याला तेव्हा तेच हवं असतं.

आता मुलांनो, दोन कोडी. एका ओळीत मधेच १०० मोकळ्या जागा आहेत आणि त्यांच्यानंतर एक अक्षर आहे. आपला वेडा संगणक किती पावलं चालेल? आणि हजेरीपटावर चाळीस नावं अकारविल्हे लावलेली असतील, तर अर्धे-अर्धे करत एक नाव शोधायला जास्तीत जास्त किती वेळा बघावं लागेल? घरात सगळ्यांना विचारा, पण उत्तर स्वतः काढा. उत्तरं पुढच्या अंकात.