अनुभवाला हार्नेस लागत नाही म्हणे

उंच इमारतींची रंगरंगोटी आणि काचसफाई या विषयावर एका जाणत्या गृहस्थांनी नुकतंच आपलं मत मांडलं. त्यांचं म्हणणं असं की, दोरावर लटकणाऱ्याचं खरं संरक्षण म्हणजे त्याचा अनुभव. हार्नेस, दुसरा दोर, हेल्मेट हे सगळं विकणाऱ्यांनी काढलेलं खूळ. नागपूरच्या उन्हात ते अंगावर चढवलं तर माणूस पडायच्या आधी भाजेल. नियम परदेशी, खर्च सोसायटीच्या माथी, आणि कामगार तरी कुठे घालतात? "आमचे रंगारी वर्षानुवर्षं एक दोर आणि एक फळी यांवर काम करतात, कुणी पडलं नाही." पडलेल्यांचं मत त्यांनी घेतलं नसावं.

अनुभवाचं तेवढं नीट बघू. अनुभव असतो रंगाऱ्याच्या हातात. दगा देतं ते बहुतेक वेळा त्याच्या डोक्यावर, गच्चीत, जिथे त्याची नजर पोचत नाही. वर्धा रोडवरच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या गच्चीवर रंगकाम चालू असताना जाऊन बघा. दोर बांधलेला असतो पाण्याच्या टाकीच्या पाइपला. पाइप वरून रंगवलेला, बुडाशी गंजून पापुद्रे सुटलेले. तिथून दोर कठड्यावरून खाली जातो आणि नेमका त्या जागी फुटक्या टाइलचा कोपरा असतो. खाली रंगारी पायाने भिंत ढकलत डावी-उजवीकडे झुलतो, तसा वर दोर त्या कोपऱ्यावर घासतो. या शहरात पतंग उडवलेल्याला हे समजावून सांगायला नको: ढील दिलेला मांजा वाचतो, ताणलेला कटतो. माणसाच्या वजनाने ताणलेल्या दोराचंही तेच. फरक इतकाच की इथे 'ओ काट' ओरडायला कुणी नसतं.

आणि मोहोळं? उंच टाक्यांखाली, सज्ज्यांखाली आग्या मोहोळ लटकलेलं या शहराने पाहिलेलं नाही असं नाही. सहाव्या मजल्याच्या उंचीवर माश्या उठल्या की वीस वर्षांच्या अनुभवी माणसाचे हातही दोरावरून सुटतात. अनुभवी माणसाला चक्कर येत नाही का? त्याने आदल्या रात्री जागरण केलेलं नसतं का? दोन मीटर मोकळं पडायला पाऊण सेकंदही लागत नाही आणि तेवढ्यात वेग ताशी बावीस किलोमीटरच्या वर जातो. त्या वेळात अनुभवाने नेमकं काय करायचं, हे त्या गृहस्थांनी सांगावं.

सह्याद्रीत कॉलेजच्या पोरांना हौसेखातर रॅपलिंग करवतात, तेव्हा उतरायच्या दोराशिवाय बिलेचा, म्हणजे घसरल्यास झेलणारा, दुसरा दोर बांधल्याखेरीज कुठलाही शहाणा क्लब त्यांना कड्यावरून सोडत नाही. मौजेसाठी उतरणाऱ्याला दोन दोर, पोटासाठी उतरणाऱ्याला एक. यात अनुभवाचा सन्मान कुठे आला?

ऊन म्हणाल, तर उपाय पहाटे सहाला काम सुरू करून अकराला थांबवण्याचा आहे, पट्टे काढण्याचा नाही. परदेशी म्हणाल, तर लिफ्टही परदेशीच. कायदा म्हणाल, तर 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात दहा कामगारांची अट होती आणि चार माणसांवर काम उरकणारे ठेकेदार तिच्याआड बसले. पण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे म्हणून दोर काही कमी तुटत नाही.

"कामगारच घालत नाहीत" हा मुद्दा मात्र ओळखीचा वाटला. हेल्मेटसक्तीच्या वेळी हेच ऐकलं होतं: मान दुखते, केस गळतात, शहरात वेग कुठे असतो. तेव्हा निदान डोकं ज्याचं, तक्रारही त्याचीच होती. इथे तक्रार करणारे गच्चीत खुर्ची टाकून बसलेले आहेत.

आता काय हवं ते. दोन दोर, दोन वेगळ्या भक्कम जागी बांधलेले. एकावर काम, दुसऱ्यावर आपोआप पकडणारं उपकरण. आयएस 3521 प्रमाणित, पूर्ण अंगाचा हार्नेस. कमरेचा नुसता पट्टा नको. अमेरिकेने पडणाऱ्याला झेलण्यासाठी तो वापरायला 1998 पासूनच मनाई केली, कारण झटक्यात माणूस मधोमध दुमडतो आणि आतले अवयव दुखावतात. हार्नेसच्या लॅन्यार्डला, म्हणजे जोडपट्ट्याला, झटका शोषणारी शिवण. हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट. कठड्यावर दोराखाली जाड संरक्षक पट्टी. बादली आणि पत्रा यांना स्वतंत्र दोरी. आणि वर सुटका करू शकणारा एक प्रशिक्षित माणूस, कारण हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. अग्निशमन दलाची वाट बघायला तेवढा वेळ नसतो.

हा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत मागावा, म्हणजे घासाघीस करताना सोसायटी कशावर कात्री चालवते आहे हे कागदावर दिसेल. प्रत्येक दोराला क्रमांक आणि वापराला काढल्याची तारीख असावी. झटका खाल्लेला किंवा उन्हाने कडक झालेला दोर बाद करताना त्याचे हातभर तुकडे करावेत. अख्खा ठेवला तर पुढच्या कामावर कुणीतरी तो बांधणारच.