मध्यरात्रीनंतरचे पथदिवे

सोडियम व्हेपरचा पिवळा दिवा पूर्ण तेजाने पेटायला काही मिनिटे घेतो आणि एकदा विझला की जरा निवल्याखेरीज पुन्हा पेटत नाही. व्होल्टेज उतरवून तो थोडाफार मंद करता येई; पण वाहन आले की लगेच उजळणे त्याला जमणारे नव्हते. म्हणून मध्यरात्रीनंतर एक सोडून एक खांब बंद, हाच सोपा उपाय. त्यात वीज वाचे, पण रस्त्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पडत आणि अंधाऱ्या पट्ट्यात चालणारा माणूस दिसेनासा होई.

एलईडीचा प्रकाश विद्युतप्रवाहाबरोबर क्षणात कमीजास्त होतो. हा प्रवाह दिव्यातला ड्रायव्हर सांभाळतो. त्याला हुकूम घड्याळाचा, सेन्सरचा किंवा नियंत्रण कक्षाचा. सगळेच खांब सारखे मंदावत असल्याने पट्टे पडत नाहीत.

मात्र बचतीचा हिशेब नीट मांडायला हवा. २५० वॅटचा सोडियम दिवा बारा तासांत, चोकची वीज सोडूनही, ३ युनिट खातो. त्याजागी १०० वॅटचा एलईडी आला की १.२ युनिट पुरतात. हा एलईडी सहा तास ३० टक्के विजेवर ठेवला तर वापर ०.७८ युनिटवर येतो. म्हणजे मोठी बचत दिवा बदलतानाच झाली; मंदावण्याच्या वाट्याला आले ०.४२ युनिट. एवढ्यासाठी प्रत्येक खांबावर महागडा सेन्सर लावणे परवडेलच असे नाही. ड्रायव्हरमध्येच बसवलेले वेळापत्रक जवळजवळ फुकट पडते. सेन्सर शोभतो तो तुरळक रहदारीच्या रस्त्यावर. अखंड वाहत्या रस्त्यावर तो दिव्याला मंद होऊच देणार नाही, आणि गल्लीत भटकी कुत्री त्याला रात्रभर जागे ठेवतील.

सुरक्षिततेबद्दल इंग्लंड व वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवे मंद किंवा बंद केल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. पण तिथला निष्कर्ष खड्डे, बसलेली गुरे आणि मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असलेल्या रस्त्याला जसाच्या तसा लावणे धाडसाचे. चौक, वळणे आणि पादचारी पट्टे वेळापत्रकातून वगळावेत. विसर्जनाच्या रात्री तर वेळापत्रकच बाजूला ठेवावे.

केंद्राच्या २०१५ च्या पथदिवे कार्यक्रमात १.३४ कोटी दिवे बदलण्याचे उद्दिष्ट होते. अशा दिव्यांना मीटर नसेल आणि बिल ठरावीक भारावर निघत असेल, तर दिवा कितीही मंदावला तरी नगरपालिकेचा आकडा तोच राहतो.