लीगला गाव लागते

इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम १४ फेब्रुवारीला सुरू होणार, अशी घोषणा केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी ६ जानेवारीला केली. आदला हंगाम सप्टेंबरात सुरू झाला होता. या खेपेला सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, वर्ष सरले, तरी देशातली सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल लीग खेळणाऱ्यांना आपला पहिला सामना कधी हे ठाऊक नव्हते. सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन अशा खेळाडूंना जानेवारीत फिफाकडे जाहीर साकडे घालावे लागले. हाती आला तो १४ संघांचा, ९१ सामन्यांचा, प्रत्येकाशी एकदाच गाठ घालून देणारा आखूड हंगाम.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली आपले व्यापारी हक्क १५ वर्षांच्या कराराने बाहेरच्या कंपनीला दिले होते. हा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार, हे सही झाली त्या दिवसापासून सर्वांना माहीत होते. तरीही पुढची सोय झाली नाही. जुलैत हंगाम स्थगित झाल्याचे क्लबांना कळवण्यात आले. महासंघाच्या घटनेवरच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात दिला, मग निविदा निघाली आणि ७ नोव्हेंबरला मुदत टळली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. २०१९ साली ६५ टक्के मालकी घेणाऱ्या या समूहाच्या काळात मुंबईने २०२०-२१ च्या हंगामात लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले होते. २०२२-२३ ला पुन्हा शील्ड, २०२३-२४ ला पुन्हा करंडक. एवढे यश पदरी असलेल्या संघाचा मालक निघून जातो, तेव्हा दोष मैदानावरच्या खेळाचा नसतो.

महाराष्ट्राने हे याआधी पुष्कळदा पाहिले आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महिंद्राच्या संघाने डेरिक परेरा यांच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. ती लीग जिंकणारा महाराष्ट्राचा हा एकमेव संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ मध्ये परवान्याच्या अटींत बसले नाहीत म्हणून आय-लीगमधून, म्हणजे त्याच राष्ट्रीय लीगच्या पुढच्या रूपातून, वगळले गेले. पुण्याचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसीही त्याच सुमारास आटोपला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेले, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. दहा वर्षांत आठ संघ! ज्या पोरांनी त्यांच्या जर्सी विकत घेतल्या, त्यांना 'आता टाळी कुणासाठी वाजवायची' हे कुणी सांगितले नाही.

आज भारतीय संघाचे प्रशिक्षक असलेले खालिद जमील यांची कारकीर्द या पडझडीतूनच गेली. महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी हे खेळाडू म्हणून त्यांचे क्लब. पुढे त्यांनी मुंबई एफसीला सात वर्षे शिकवले. तिन्ही नावे आज राष्ट्रीय लीगमध्ये नाहीत. २०१६ साली मुंबईने त्यांना निरोप दिला आणि ते मिझोरामच्या आयझॉल एफसीत गेले. आयझॉल त्याच वर्षी आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतल्यामुळे त्याला परत जागा मिळाली. तिथून पुढे घडले ते भारतीय फुटबॉलमध्ये त्याआधी घडले नव्हते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून, मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त घेऊन, आयझॉल देशाचा विजेता झाला. ईशान्येकडचा हा पहिला राष्ट्रीय विजेता. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला, खाली ढकलला गेला आणि गुंडाळला गेला.

आयझॉलकडे मुंबईइतका पैसा नव्हता. त्यांच्याकडे होती ती २०१२ पासून दरवर्षी वेळेवर भरणारी मिझोराम प्रीमियर लीग. तिचे सामने स्थानिक केबलवर घरोघर दिसत आणि वस्तीवस्तीतली मुले त्यातून वर येत. राष्ट्रीय विजेतेपद त्या पायावर उभे राहिले. आमच्याकडे कळस आधी बसवला आणि पाया घालायचा राहून गेला. विजेत्या आयझॉललाही इंडियन सुपर लीगचे दार त्या वेळी उघडले नाही. खालून जिंकून वर येण्याची वाट तिथे २०२२-२३ पर्यंत नव्हतीच. खेळावर याहून मोठा अन्याय आम्हाला सांगता येणार नाही.

हा पाया कुठे घालायचा राहिला, ते पाहायला रायगडच्या किनाऱ्यावरच्या दिवेआगर गावाकडे पाहा. चार किलोमीटरहून लांब पुळण, मागे सुरूचे बन आणि त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. सुकती लागली की ओली वाळू अशी घट्ट बसते की तिच्यावर चेंडू सरळ धावतो. शनिवार-रविवारी किनारा पर्यटकांचा असतो, घोडागाड्या आणि दुचाक्या फिरत असतात. मुलांना किनारा मोकळा मिळतो तो आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी. सुरूच्या काटक्या रोवून गोल करायचे, अनवाणी खेळायचे, खाऱ्या पाण्याने चेंडूची शिवण उसवली तर तसाच मारायचा आणि पाणी घोट्याला लागले की खेळ थांबवायचा. खेळ कधी मांडायचा हे इथे तिथीवरून कळते. अष्टमीच्या भांगाला पाणी फार मागे जात नाही. अमावास्या-पौर्णिमेला सुकतीत मैदान दुप्पट होते, पण उधाणाची भरती तितक्याच जोराने आत येते. दिवेआगरच्या मुलाला उद्याची सुकती किती वाजता हे ठाऊक असते. देशाच्या लीगला आपला पुढचा महिना ठाऊक नव्हता.

यातला एखादा मुलगा खरोखर चांगला निघाला तर त्याने जायचे कुठे? कबड्डी खेळत असता तर हा प्रश्नच आला नसता. रायगड जिल्ह्यात कबड्डीला गावचा संघ आहे, तालुक्याच्या स्पर्धा आहेत, जिल्ह्याची निवड आहे, तिथून राज्य आणि त्यापुढे प्रो कबड्डी. अलिबाग, पेण, रोह्याकडे रात्रीच्या उजेडात सामने रंगतात आणि हरलेला संघ पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात पुन्हा मैदानात उतरतो. फुटबॉलला शालेय स्पर्धा आहे, सुब्रतो करंडक आहे, पण ती बाद फेरीची. पहिला सामना हरला की शाळेचे वर्ष संपले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वर्षाकाठी एकच खरा सामना मिळत असेल तर तो शिकणार कसा? लीग हवी ती एवढ्यासाठी: हरल्यावरही पुढच्या रविवारी सामना असतो. श्रीवर्धन तालुक्यातल्या मुलाला असा सामना हवा असेल तर मुंबई गाठावी लागते. एवढा प्रवास दर आठवड्याला कुठल्या बागायतदाराच्या किंवा कोळ्याच्या घराला परवडेल?

महाराष्ट्रात हे जमत नाही, असे कुणी म्हणू नये. कोल्हापूर डोळ्यांसमोर आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. या तालमी-मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम पेठापेठांच्या गर्दीने भरते. कंपन्यांचे आठ संघ आले आणि गेले, तालमी अजून खेळत आहेत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. पैसा त्यांना कमीच पडतो, पण पेठ संघाला सोडत नाही आणि संघ पेठेला. आणि एवढे प्रेक्षक असलेल्या शहराचा एकही संघ राष्ट्रीय लीगमध्ये नाही!

सर्वोच्च लीगचे हक्क यापुढे कोणाला आणि किती वर्षांना मिळतात, हा दिल्लीतला वाद चालेल तितका चालो. कोणत्याही करारात मुदत संपण्याआधी दोन वर्षे पुढची व्यवस्था ठरलीच पाहिजे, असे कलम महासंघाने घालावे. ते न घालणे हा खेळाडूंच्या पोटाशी खेळ आहे. बहुतेकांची कारकीर्द जेमतेम दहा-बारा वर्षांची असते आणि त्यातले सहा महिने या गोंधळात गेले.

राज्यातल्या कामाला मात्र दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्याची फुटबॉल संघटना असलेली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि जिल्हा क्रीडा अधिकारी यांच्याकडे आमची साधी मागणी आहे. या पावसाळ्यानंतर रायगडच्या दक्षिण किनाऱ्यासाठी एक छोटी लीग सुरू करा. दिवेआगर, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन, म्हसळा, हरिहरेश्वर इथल्या गावांचे सहा-आठ संघ, दर रविवारी सामने, एक नोंदणीकृत पंच, एक प्रशिक्षक आणि तारखा आधी छापलेल्या. मुलींचा गटही पहिल्याच वर्षी हवा. श्रीवर्धनला एक धड मैदान आणि दोन खरे गोलपोस्ट लागतील, तो खर्च जिल्हा नियोजनातून निघू शकतो. सुट्टीला गावी येणाऱ्या मुंबईकर चाकरमान्यांत फुटबॉल खेळलेले पुष्कळ आहेत. त्यांनी पंचाची शिटी हातात घ्यावी आणि गावच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा.