मोडी वाचणारा वकील हवा

प्रवेशाच्या हंगामात बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या विधी विद्यार्थ्यांची पत्रे आली. तक्रार एकच. एलएलबीबरोबर इतिहासाची किंवा मराठीची एमए करायची आहे, आणि कॉलेजच्या खिडकीतून हमीपत्र पुढे सरकवले जाते : दुसरा कोणताही नियमित अभ्यासक्रम करत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २४ सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार हे लिहून दिल्याशिवाय शेवटचे गुणपत्रक आणि पदवी हातात पडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एका वेळी दोन पदव्या करायला मोकळीक दिली, पण व्यावसायिक परिषदांचे नियम तसेच ठेवले. म्हणून २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला नियम ६ आपल्या मुलांच्या आड येतो. एमकॉम करणाऱ्याला सोबत इतिहास चालतो, वकील होणाऱ्याला चालत नाही.

खरा संताप पुढेच आहे. याच नियम ६ मध्ये अपवाद दिलेला आहे. भाषेचा अल्पमुदतीचा अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो, दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम चालतो. परिपत्रकानेही हा अपवाद काढलेला नाही. तरी दूरशिक्षणाने एमए करू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीला परत पाठवण्यात आले. तिने नियमाची प्रत दाखवली, तर उत्तर मिळाले, ‘वरून लेखी आणा.’ नियम लेखीच आहे. त्याच्या वर आणखी कोणाचे लेखी आणायचे?

ही हौसेची मागणी नाही. गेल्या वर्षी वतनाच्या एका दाव्यात इंदापूरकडचे पक्षकार जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कागद घेऊन माझ्याकडे आले. पानभर आडव्या रेघा, त्यांना लोंबणारी, लेखणी न उचलता लिहिलेली मोडी. बार रूममध्ये आम्ही पाच जणांनी तो पाहिला, एकालाही लावता आला नाही. बाहेर वाचायला पाठवला, त्यात तीन तारखा गेल्या. लिप्यंतर आले तेव्हा त्यात सन फसली धरला होता. मुळात तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला, म्हणजे शुहूर. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर ११६१, इसवी १७६०-६१, पानिपतचे साल. तोच आकडा फसली समजला की कागद नऊ वर्षे मागे जातो. आमच्या कागदात तेच झाले होते. त्या हिशेबाने वंशावळीतला मूळ पुरुष कागद लिहिला तेव्हा पाळण्यात ठरत होता! चूक वेळेत सापडली म्हणून दावा वाचला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ खाली तीस वर्षांपुढच्या दस्ताबद्दल न्यायालय अनुमान करू शकते, पण तो दस्त काय म्हणतो हे आधी वकिलाला कळायला हवे.

आपण ज्या जमिनीवर उभे राहून टिपण, फाळणी आणि आकारबंदावर भांडतो, तिथेच जमीनमहसुलाचा कायदा घडला. ब्रिटिश अधिकारी प्रिंगलची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमाबंदीची नवी पद्धत १८३६ मध्ये प्रथम लावली ती इंदापुरात. तीस वर्षांनी फेरआकारणीत सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा पेटला आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. आपल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात यातले किती शिकवतात?

कायदा आणि प्रदेश एकत्र अभ्यासणारे झाले आहेत. वि. त्र्यं. गुणे यांनी महजर आणि निवाडपत्रे वाचून मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा ग्रंथ लिहिला, तो १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने काढला. हायडेलबर्गच्या गुंथर सोन्थायमर यांनी हिंदू एकत्र कुटुंबावर कायद्याचा ग्रंथ लिहिला आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबाच्या शोधात धनगरांच्या वाड्यांवर फिरले. अमेरिकेत कायद्याच्या पदवीला जोडून एखाद्या प्रदेशाच्या अभ्यासाची एमए करण्याची सोय कित्येक विद्यापीठांत आहे. आपल्याकडेही वाट बंद नाही. २००८ च्या नियमांतच ज्ञानाच्या कोणत्याही शाखेतली पदवी आणि कायद्याची पदवी मिळून पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम विद्यापीठाला आखता येतो. बारामतीत वसंतराव पवार विधी महाविद्यालय आहे, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाची कला शाखा आहे. दोघांनी मिळून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे महाराष्ट्र अभ्यास आणि विधी यांच्या जोडपदवीचा प्रस्ताव पाठवावा.

आता आपल्याच मंडळींना सांगणे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने तालुका न्यायालयाची भाषा मराठी झाली, तरी अजून दावे इंग्रजीत टाइप करणारे आणि सूडपत्रक आले की कारकुनाकडे बघणारे ज्येष्ठ आपल्यात आहेत. त्यांनी नव्या मुलांना निदान अडवू नये. बारामती आणि इंदापूरच्या बारने दोन गोष्टी कराव्यात. नियम ६ मधला अपवाद पाळा, असे पत्र विधी महाविद्यालयांना द्यावे. आणि शनिवारी कोर्ट उठल्यावर बार रूममध्ये दोन तास मोडीचा वर्ग सुरू करावा. शिकवणारे मिळतील. बसणारे आपल्यातून निघाले पाहिजेत. पहिल्या बाकावर मी असेन. पुढच्या शनिवारी या, आणि घरात, दप्तरात पडलेला एक न लागलेला कागद सोबत आणा.